भावोजी, ताईची वीण आणि एक घुबड

आमच्या भावोजींना घरी बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा, पण त्यांच्यापुढे दुरुस्तीचं नाव काढू नका. माझ्या दाराची कडी नीट बसत नव्हती, तेवढं मी एकदा बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. कडीचा एक स्क्रू ढिला होता. तो पिळला असता की काम झालं असतं. पण कडी बघताना त्यांना बिजागऱ्या दिसल्या, बिजागऱ्यांना तेल देताना दाराची फुगलेली कड दिसली, आणि कड तासायची तर दार काढायला हवं. मी संध्याकाळी कामावरून आले तेव्हा माझ्या घराला दार नव्हतं आणि भावोजी आत बसून माझा चमच्यांचा खण लावत होते.

"फार कोंबून ठेवलं होतंस गं," ते म्हणाले. "म्हटलं, आलोच आहे तर."

"आलोच आहे तर" हे त्यांचं ब्रीदवाक्य. आयुष्यभर ते कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनचे मेकॅनिक होते. तिथल्या बायका सुई तुटली तरी त्यांना हाक मारायला घाबरायच्या, कारण सुई बदलायला आलेले भावोजी अख्खं मशीन उघडून, पुसून, तेल घालून मगच उठायचे. मशीन नवंकोरं व्हायचं, पण त्या बाईचा दिवस बुडायचा. सुपरवायझरने डोक्याला हात लावला होता. पुढे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीनं आली आणि बाकीचे मेकॅनिक लांबून बघत राहिले. भावोजींनी मात्र ती कॉम्प्युटरची भाषा शिकून घेतली. त्यातही त्यांना आवरायला बरंच काही सापडलं असणार.

मी त्यांची धाकटी मेहुणी. ताईचं दार आणि माझं दार समोरासमोर, मध्ये फक्त जिन्याची फरशी. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. दिवसभर गाल धरून बसलेल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकते, त्यामुळे संध्याकाळी माझ्याजवळ फारशी सहनशक्ती उरलेली नसते. तरीही कॉफीला मी ताईकडेच जाते. या दोघांचं चाललेलं ऐकल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

ताई विणते. "विणते" म्हणणं म्हणजे मासा पोहतो म्हणण्यासारखं आहे. तिच्या हातात सुया नसल्या की ओळखीची माणसंही तिला ओळखत नाहीत. आणि साधं नाही, वेलबुट्टीचं, पीळ घातलेलं, जाळीचं. अशा विणीला नकाशा लागतो. चौकटींचा कागद असतो, प्रत्येक चौकट म्हणजे एक टाका, कुठे सुलट, कुठे उलट, कुठे दोन टाके एकत्र. हे नकाशे काढायचा एक प्रोग्राम आहे, फुकट मिळतो, जगभरचे विणणारे वापरतात. ताई तो वर्षानुवर्षं वापरत होती.

मग तिचे डोळे बिघडले. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग आला. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथलंच नेमकं दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते राहील, पण गेलेलं परत येणार नाही. सुयांसाठी ताईला डोळे लागतच नव्हते, बोटांना सगळं पाठ. पण नकाशा दिसेना. त्या दिवसांत ती साध्या पट्ट्या विणायची आणि उगाचच माझ्यावर चिडायची. मीही परत चिडायचे, कारण नाहीतर मी तिची कीव करते अशी तिला शंका आली असती.

इथे भावोजी उठले. हा प्रोग्राम ओपन सोर्स होता. म्हणजे त्याच्या आतला सगळा कोड उघड्यावर ठेवलेला. कोणीही बघावा, आपल्यापुरती प्रत घ्यावी, हवा तसा बदलावा. भावोजींना झाकण उघडलेलं यंत्र दिसल्यावर काय होतं हे मी वर सांगितलंच आहे. थोड्याच दिवसांत ताईच्या कॉम्प्युटरला वाचा फुटली. ती एक बटण दाबायची आणि आतून सपाट आवाज यायचा, "तीन सुलट. एक उलट. दोन एकत्र." पुन्हा बटण, पुढची ओळ. तो आवाज माझ्या घरापर्यंत ऐकू येई. मी भांडी घासतानासुद्धा त्याच तालात घासायला लागले. आणि ताईची वेलबुट्टी परत सुरू झाली.

यात एक गोम होती. प्रोग्राम बनवणारी मंडळी मधूनमधून नवी आवृत्ती काढत. नवी आवृत्ती आली की जुनी जाई आणि तिच्याबरोबर भावोजींनी घातलेला आवाजही पुसला जाई, कारण तो फक्त ताईच्या प्रतीत होता. मग भावोजी पुन्हा बसून तो जोडून देत. पंक्चर काढणारा माणूस पंक्चरला कंटाळत नाही, तसे तेही कंटाळत नव्हते. उलट मला वाटतं, त्यांना ते आवडायचं.

मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ते आठवडाभर हॉस्पिटलात होते आणि नेमकी तेव्हाच नवी आवृत्ती येऊन बसली. आवाज गेला. मी त्या कॉम्प्युटरपुढे बसून दिसतील ती सगळी बटणं दाबून पाहिली. त्यातल्या एकाने पडदा आडवा झाला, बाकी काही नाही.

"राहू दे गं," ताई म्हणाली. "मलाच कंटाळा आलाय विणायचा."

ताईला विणायचा कंटाळा. बाळंतपणाच्या कळा येत असताना जी बाई "एवढी ओळ होऊ दे" म्हणाली होती, तिला. मी कॉफी तशीच ठेवून उठले.

भावोजी घरी आले. अर्ध्या विणलेल्या बाहीत खोचून ठेवलेल्या सुया त्यांनी बघितल्या, आडवा पडदा बघितला, पोटाला हात धरून खुर्चीत बसले आणि आधी आवाज जोडून दिला. मग ताई अंघोळीला गेली तेव्हा मला म्हणाले, "मी आठवडाभर नव्हतो तर हिचे हात थांबले. मी कायमचाच नसेन तेव्हा?"

"काहीतरी बोलू नका," मी म्हणाले.

"काहीतरी नाही. हा आवाज मूळ प्रोग्राममध्येच जायला हवा. एकदा तिथे गेला की प्रत्येक नव्या आवृत्तीत आपोआप येईल. मग मी असो नसो." आणि घाईही होती. पुढची आवृत्ती मोठी असणार होती, आतली सगळी मांडणीच बदलणार होती. त्यानंतर त्यांचा जुना जोड बसलाच नसता.

मूळ प्रोग्राममध्ये बदल घालायचा तर तो पाठवावा लागतो. प्रोग्राम सांभाळणारी मंडळी तो तपासतात, शंका काढतात आणि पटला तर घेतात. ही मंडळी पगारी नसतात, आपापली कामं सांभाळून हौसेने करतात, एकमेकांना बघितलेलंही नसतं. खरं नाव लावायची सक्ती नाही. आमच्या वाट्याला जे तपासनीस आलं त्याच्या नावाच्या जागी घुबडाचं चित्र होतं. ते बाई आहे की बुवा, कुठल्या देशात बसतं, काही कळायला मार्ग नव्हता.

भावोजींनी बदल पाठवला. सोबत "आदरणीय महोदय" पासून सुरू होणारा मजकूर, त्यात स्वतःच्या नोकरीचा इतिहास, ऑपरेशनचा उल्लेख आणि शेवटी "आपला कृपाभिलाषी". मग ते उत्तराची वाट बघत बसले. दर थोड्या वेळाने पडदा बघायचे, जणू घुबड खिडकीत येऊन बसणार होतं.

उत्तर आलं ते दोन वाक्यांचं. "धन्यवाद. तुमच्या बदलात दुरुस्ती कुठे आहे ते मला सापडत नाही."

भावोजींचा पारा चढला. मी कॉफीला गेले तेव्हा ते येरझाऱ्या घालत होते. "सापडत नाही म्हणतं. डोळे तपासून घे म्हणावं."

"डोळ्यांबद्दल या घरात बोलायचं नाही," ताई सुया न थांबवता म्हणाली.

मी पडद्यासमोर बसले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण भावोजींनी समजावलं होतं की काढून टाकलेली ओळ लाल दिसते आणि नवी घातलेली हिरवी. मी बघितलं तर वरपासून खालपर्यंत लाल आणि हिरवं. मी खाली सरकवत गेले, लाल-हिरवं संपेना.

"भावोजी, हे सगळं तुमचं?"

"अगं, फार अस्ताव्यस्त होतं ते. ओळीच्या सुरुवातीला कुठे दोन जागा सोडलेल्या, कुठे चार. नावं वाटेल तशी. म्हटलं, आत गेलोच आहे तर..." इथे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण ते थांबले.

"बरं, मग आवाजाची दुरुस्ती यात कुठे आहे?"

"ही काय," म्हणून ते खुर्ची ओढून बसले. वर गेले, खाली आले. चष्मा पुसला. परत वर गेले. मी कॉफी संपवली. भावोजींना स्वतःची दुरुस्ती स्वतःच्या आवराआवरीत सापडत नव्हती.

मला हसू आवरेना. ताईने विचारलं काय झालं, मी सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिचा टाका सुटला. भावोजींच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. त्यांनी खाली बोट दाखवलं. तिथे एक लाल फुली होती. पाठवलेला प्रत्येक बदल तिथे आपोआप चालवून बघितला जातो, आणि भावोजींच्या बदलाने काहीतरी मोडलं होतं. काय मोडलं? डावखुऱ्या माणसांसाठी नकाशा उलटा करून दाखवायची सोय. त्या दोन ओळी भावोजींना अडगळ वाटल्या म्हणून त्यांनी उपटून फेकल्या होत्या.

मी डावखुरी आहे. विणकाम मला जेमतेम येतं, पण जे येतं ते त्या उलट्या नकाशामुळे.

"म्हणजे मी अडगळ का?" मी विचारलं.

"तसं नाही गं."

"फेकून दिलंत तुम्ही मला. केर काढतात तसं."

"चूक झाली म्हटलं ना." भावोजी असं म्हणालेले मी पहिल्यांदाच ऐकलं. ताईनेही ऐकलं, कारण तिच्या सुया क्षणभर थांबल्या.

दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. माझं काम नको असेल तर राहिलं, असं काहीसं पुटपुटत राहिले. तिसऱ्या दिवशी मात्र नाश्ता झाल्याझाल्या बसले आणि ज्याची त्यांना कधीच सवय नव्हती ते करायला लागले. केलेली आवराआवर परत उलटी करायची. दोन जागांच्या जागी पुन्हा चार, वेडीवाकडी नावं पुन्हा वेडीवाकडी, डावखुऱ्यांच्या ओळी जिथल्या तिथे. दुसऱ्याच्या घरी जाऊन पुसलेली धूळ परत टाकून यायची, असं ते काम. त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता. एखाद्या ओळीशी थबकून ते माझ्याकडे बघायचे. "ही एवढी सरळ केली तर?" मी मान हलवायची. मग सुस्कारा.

"ते सगळा पसारा परत घालतायत," मी ताईला सांगितलं.

"मला नीट दिसत असतं तर मी तिकीट काढून बघितलं असतं," ताई म्हणाली.

शेवटी उरला तो बदल एका पडद्यात मावत होता. लाल जवळजवळ नाहीच, थोडंसं हिरवं. भावोजींना तो फार केविलवाणा वाटला. एवढ्याशासाठी माणसाने तोंड काय दाखवायचं, म्हणाले. पण पाठवला. मजकुरातून "महोदय" मी काढायला लावलं, ऑपरेशनही.

घुबडाने लगेच कळवलं. "आता दिसली. चांगली आहे." मग बारीकसारीक शंका निघाल्या. या नावाऐवजी ते नाव घ्या, रिकामी चौकट आली तर आवाज काय म्हणेल, ते तपासायची सोय जोडा. भावोजींना या माणसाचा, किंवा बाईचा, हळूहळू आदर वाटायला लागला. "कसं बारीक बघतं," म्हणायचे. "कारखान्यात असतं तर आमची जोडी जमली असती." सुपरवायझरचं नशीब.

आणि मग एका संध्याकाळी घुबडाचा असा प्रश्न आला की भावोजी खुर्चीत मागे टेकले. मी तो मोठ्याने वाचला. "ही सोय घेतली तर पुढे तिची देखभाल करायला कोणीतरी हवं. लोक काम देऊन निघून जातात आणि मग मोडलेलं आम्हाला निस्तरावं लागतं. पुढची काही वर्षं तुम्ही असाल का?"

घुबडाचं चूक नव्हतं. नियमच आहे त्यांचा.

"असेन म्हणून टाका," मी म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

भावोजींनी मान हलवली. "खोटा जोड टिकत नाही. मी सांगतो तसं लिही. माझ्या हाताला आज नीट येणार नाही." आणि ताई समोर बसलेली असताना त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: "मी सत्तरी ओलांडली आहे. माझ्या बायकोला नकाशा दिसत नाही, ती ऐकून विणते. मी असेन तोवर देखभाल करीन. पण मी नसेन तेव्हाही तिचा आवाज बंद पडू नये, म्हणूनच हे काम तुमच्या हाती देतो आहे. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा. राग नाही."

ताईच्या सुया थांबल्या होत्या. हे तिच्यापाशी ते कधी बोलले नव्हते. मला डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी कीबोर्डकडे बघत बसले. ताईने नाक पुसलं, बाही मांडीवर सारखी केली आणि म्हणाली, "अहो, ते 'राग नाही' काढा. खोटं कशाला लिहायचं?"

ते काढलं आणि पाठवलं.

घुबड गप्प झालं. मोठी आवृत्ती जवळ येत चालली आणि घुबडाचा पत्ता नाही. भावोजी भाजी निवडताना थांबायचे, पायऱ्या उतरताना थांबायचे. मी त्यांना म्हणाले, झोपलं असेल, घुबडं दिवसा झोपतात. ते हसले नाहीत. त्या दिवसांत त्यांनी माझ्या घरातलं काहीही दुरुस्त केलं नाही, यावरून काय ते समजा.

मग त्या पानावर भलतीच माणसं बोलायला लागली. त्यांतला एक बस ड्रायव्हर होता. गाडी डेपोत उभी असताना तो विणायचा आणि त्याला नजर सुयांवर ठेवून नकाशा ऐकायचा होता. एकीची आजी मोतीबिंदूने त्रासलेली. एकाने नुसतं लिहिलं, "मलाही हवं आहे, मी वाट बघतोय." या लोकांना कोणी सांगितलं, कोण जाणे. सगळ्यांत शेवटी घुबड आलं. "उशीर झाला, माफ करा, घरी आजारपण होतं. बदल घेतला आहे. देखभाल करणाऱ्यांत तुमच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आहे. शेवटची ओळ संपल्यावर आमच्याकडे एक रिकामी ओळ सोडायची पद्धत आहे, ती राहिली होती. आलेच होते, म्हणून मीच घातली."

भावोजींनी ते दोनदा वाचून घेतलं. मग उठून खिडकीपाशी गेले. वळले तेव्हा एवढंच म्हणाले, "आपल्यातलीच निघाली."

मोठी आवृत्ती आली. भावोजी सवयीने बाह्या सरसावून कॉम्प्युटरशी गेले, पण ताईने त्यांना बाजूला केलं आणि चाचपडत स्वतःच बटण दाबलं. जरा वेळ काही नाही. मग तो सपाट आवाज आला, "चार सुलट. एक उलट." ताई लगेच विणायलाच बसली. भावोजी उभेच होते. बसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

खरी गंमत पुढे झाली. बऱ्याच दिवसांनी ताईने तक्रार केली की आवाज जाळीच्या विणीत ओळीचा शेवटचा टाका गिळतो. भावोजींचा चेहरा उजळला. सकाळी चहा घेऊन बसले, चष्मा चढवला, कोड उघडला आणि बघत राहिले. दुरुस्ती आधीच झालेली होती. जगात कुठल्यातरी कोपऱ्यातल्या, कधी नाव न ऐकलेल्या माणसाने भावोजींच्या लिखाणातली एक ओळ बदलली होती. एक लाल, एक हिरवी. बाकी कशालाही हात लावला नव्हता. घुबडाने ती तपासून घेतलीही होती.

"मला विचारलंसुद्धा नाही," भावोजी म्हणाले. मी त्यांच्या बाजूने रागवायला तयार झाले. पण ते पुढे वाकून बघत होते. "बरोबर केलंय. मी केलं असतं तर अस्संच." मग ते खुर्चीत मागे टेकले, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलेलं नाही, लग्नातसुद्धा नाही. "झालं," म्हणाले. "आता माझी गरज उरली नाही."

"त्या प्रोग्रामला नसेल," ताई आतून म्हणाली. "इकडे या आणि हात पुढे करा. नव्या लोकरीची लड सोडवायची आहे."

ते गेले, तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पुढे केले. ताईने लड त्यांच्या मनगटांत अडकवली आणि चाचपून टोक शोधलं. शेजारच्या टेबलावर तिचा सुयांचा डबा उघडा होता, आतल्या सुया वाटेल तशा पडलेल्या. भावोजींनी डब्याकडे एकदा बघितलं. मग ते हात तसेच धरून बसून राहिले, ती गुंडाळत होती तोवर.